उ: इनोव्हा घ्या, नुसतं ऑइल बदलत रहा?

सेकंडहँड इनोव्हा घ्या, नुसतं ऑइल बदलत राहिलं की गाडी चालते, असा सल्ला इथे दिलाय. इंजिन दणकट आहे हे मान्य, पण 'ऑइल बदललं की झालं' हे अर्धंच खरं. २०१६ ला इनोव्हाचं नवं मॉडेल क्रिस्टा आली, त्याच्या आधीच्या २.५ लिटर डिझेल इंजिनला टायमिंग बेल्ट (वाल्व आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा) आहे, क्रिस्टाच्या २.४ डिझेलसारखी चेन नाही. लाख-दीड लाख किमीच्या दरम्यान तो बदलावाच लागतो, कारण तुटला तर वाल्व पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं, मग सेकंडहँडमध्ये वाचवलेले पैसे गेलेच म्हणून समजा.

मी २०१२ ची घेतली तेव्हा मालक म्हणाला सगळं केलंय, बिल मात्र एकाही कामाचं नाही (मीटरवरच्या किमीवर तर माझा तसाही विश्वास नसतो). सरळ बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर पुली एकदमच बदलून घेतले, लेबर एकदाच लागतं ना, आणि स्टिकरवर तारीख न् किमी लिहून बॉनेटखाली चिकटवलं.