एकटं ठेवलं की कुत्रा भुंकूनच राहते, काय करू?

मनीषनगरवाली
आमचा मोती, देशी, दोन वर्षांचा. आधी घरी कोणी ना कोणी असायचं, आता माझं मिहानमधलं ऑफिस सुरू झालं नं हे पण दिवसभर बाहेर. दाराला कुलूप लावलं की हा जो सुरू होते तो थांबतच नाही म्हणतात शेजारच्या काकू, दार ओरबाडून पॉलिश काढलं पार. सेक्रेटरी म्हणतात कुत्रा काढा नाहीतर ठराव घेऊ. कोणी शॉकचा पट्टा सुचवला, मला ते पटून नाही राहिलं. लेकरू आहे ते आमचं.

बेसाकर
ताई पट्टा बिलकुल नका लावू. पहिले जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून निघा. लिफ्ट वाजली, खाली कोणी दिसलं तेव्हाच भुंकते नं मधे झोपते, तर तो पहारा करून राहिला, पडदा ओढून ठेवा, बराच फरक पडते. पण तुम्ही गेल्यागेल्या चकरा, लाळ, दार ओरबाडणं असलं तर ती घबराहट आहे, मस्ती नाही, आणि घाबरलेल्याला शॉक दिला तर तो अजूनच घाबरते. अशा वेळी चाबी उचला, सँडल घाला आणि सोफ्यावर बसून चहा प्या, रोज, त्यानं मान वर करणं सोडेपर्यंत. मग दाराबाहेर काही सेकंद, तो सुरू व्हायच्या आत परत, आणि वेळ अगदी हळूहळू वाढवायचा. तोवर त्याला दिवसभर एकटं सोडलं तर सगळं पाण्यात, काकूंना नाहीतर कोणा नातेवाइकाला बसवा घरी.

धरमपेठच्या काकू
सकाळी ऊन चढायच्या आत भरपूर फिरव गं, वास घेऊ दे त्याला, ओढत नको नेऊ. निघताना वाटीत गोठवलेलं दही दे, चाटत बसते. कूलर सुरू ठेवला तर बाहेरचे आवाज पण दबतात, पण मे महिन्यात लाइन गेली तर काय ते आधी पाहून ठेव, आणि बाल्कनीत तर कधीच कोंडू नको.

मनीषनगरवाली
मोबाइल ठेवला होता. पूर्ण वेळ दारापाशीच, लाळ गाळत, दह्याला तोंडपण नाही लावलं 😔 पाहवत नव्हतं. आणि ठरावाचं काय करू?

सेमिनरी हिल्स
आवडीचं खाणंही सोडते म्हणजे घबराहटच ताई. व्हिडिओ घेऊन इकडच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा. गरज वाटली तर फ्लुओक्सेटिनसारखी घबराहट कमी करायची गोळी देतात, असर दिसायला काही आठवडे लागतात, सोबत बेसाकर भाऊंनी सांगितलेला सराव सुरूच ठेवायचा. माणसाची गोळी मनानं देऊ नका. ठरावाचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्याची प्रिंट सेक्रेटरींना द्या, पण शेजारच्या काकूंना आधी भेटा, इलाज सुरू आहे म्हणून सांगा, त्रास तर त्यांनाच होऊन राहिला नं.