मांडी लिफ्ट: व्रणापेक्षा टाके सांभाळा

मांडी लिफ्ट, म्हणजे मांडीची सैल कातडी काढून टाकायचं ऑपरेशन. त्यावर इथे सगळी चर्चा व्रण किती दिसेल यावरच चाललीय, जांघेतल्या टाक्यांचं कुणी काढलंच नाही. माझं ऑपरेशन झालंय म्हणून सांगते. ती जागा घामट, त्यात पावलागणिक घासणारी. 10व्या दिवशी बोटाच्या पेराएवढी जखम उसवली, मग 5 आठवडे ड्रेसिंग! संसर्ग होणं, आत पाणी साचणं हेही तिथे होऊ शकतं. सिगारेट निदान 4 आठवडे आधी बंद, व्हेपसुद्धा; निकोटीनने जखम नीट भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवू नका, सर्जनना विचारा. खरी भीती पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याची. एकाच पोटरीला सूज आली, दुखलं किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.