एम-सील लावा, पण फक्त गंज काढेपर्यंत

येझदी मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीला खालच्या शिवणीवर पाझर आहे, वरून एम-सील थापू का, असा प्रश्न आहे. पेट्रोल थांबेल, पण थोडे दिवस. टाकीत शिरलेलं पाणी पेट्रोलपेक्षा जड; ते तळाशी साचून पत्रा आतून खातं. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं तेव्हा भोवतालचा पत्राही पातळ झालेला असतो.

आधी टाकी उतरवा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढा, डिटर्जंट आणि गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा. भोकं एम-सीलने तात्पुरती बुजवा (त्याचा खरा उपयोग इथे!) आणि टाकी पाण्याने भरा. आतला गंज विजेने काढायचा, त्यासाठी लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. 12 व्होल्टच्या चार्जरचं निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत लोंबकळणाऱ्या साध्या लोखंडी सळीला. सळी टाकीला टेकली की शॉर्ट. स्टेनलेसची सळी अजिबात नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर, झाकण काढून.

मग एम-सील खरवडून डाख द्या. पत्रा चकचकीत घासा, फ्लक्स (डाख पत्र्याला धरावा म्हणून लावायचं रसायन) लावा, 60/40 डाख (60 भाग कथील, 40 भाग शिसं) आणि 100 वॅटचं तरी सोल्डरिंग आयर्न. गॅसची ज्योत नकोच: रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. झाकण घट्ट लावून टाकी उलटी करा, कॉकच्या भोकातून पाणी भरा आणि डाखाच्या जागेखाली दोन बोटं थांबा. पाणी पत्र्याला टेकलं तर उष्णता खेचून घेतं, डाख गोळ्या-गोळ्यांनी बसतो.

लायनर (टाकीला आतून बसणारा थर) ओतायचाच तर पेट्रोलमधलं इथेनॉल सोसणारा इपॉक्सी घ्या. कॉकचे आटे आधी ग्रीस लावलेल्या बोल्टने बंद करा, नाहीतर नंतर ते मोकळे करायला टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवत बसाल.