अ‍ॅपवरच्या गाड्या: चालक आणि प्रवासी यांना अपघाताचा धोका नेमका कुठे असतो?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नोकरी सांभाळून संध्याकाळनंतर स्वतःची गाडी अ‍ॅपवर चालवण्याच्या विचारात आहे. त्याचा हात चांगला बसलेला आहे, त्यामुळे 'रोज चालवतो तशीच चालवायची, त्यात वेगळा धोका कसला?' असे तो म्हणतो. स्वतःच्या कामासाठी गाडी चालवणे आणि अनोळखी माणसांना अनोळखी पत्त्यावर पोहोचवणे यांत फरक असणार, असे मला वाटते. पण तो मला नेमका सांगता येत नाही. मी स्वतः अशा गाड्यांनी वारंवार प्रवास करतो, तेव्हा प्रवाशाने काय पाहावे तेही कळले तर बरे होईल. चोरी, गैरवर्तन हे विषय महत्त्वाचे असले तरी येथे केवळ अपघातांविषयी लिहावे, ही विनंती.

स्टेअरिंगमागून

बरीच वर्षे हेच काम करत असल्याने लिहितो. लोकांच्या मनात भरधाव वेगाचे अपघात असतात, परंतु आमच्या कामातला वेगळा धोका गाडी जवळजवळ थांबलेली असते तेव्हाचा आहे. नकाशावरचा ठिपका एका जागी असतो, प्रवासी रस्त्याच्या पलीकडून हात हलवत असतो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात, आणि अशा वेळी चालक एक तर अचानक ब्रेक दाबतो किंवा चुकलेले वळण गाठण्यासाठी गाडी मागे घेतो. या दोन्ही गोष्टी मागून येणाऱ्याला अनपेक्षित असतात. त्यापेक्षा सरळ पुढे जावे, सुरक्षित जागी थांबावे आणि मग प्रवाशाला फोन करावा. दोन मिनिटे जातील आणि कदाचित रेटिंगही थोडे घसरेल, ते घसरू द्यावे.

दुसरी गोष्ट मोबाइलची. नवी राइड आली की पडद्यावर वेळ उलटा धावू लागतो आणि तेवढ्या काही सेकंदांत ती स्वीकारायची की नाही हे ठरवावे लागते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे २८ मीटर पुढे गेलेली असते, आणि ते अंतर चालकाने रस्त्याकडे न पाहता कापलेले असते. आपल्या भावाला एवढेच सांगावे की चालत्या गाडीत आलेली राइड सुटली तरी चालेल. मोबाइल काचेलगत, नजरेच्या पातळीवर बसवलेला असावा. मांडीवर किंवा गिअरजवळ नसावा.

कलमबहाद्दर

वरचे उत्तर पटले, मात्र नोकरीनंतर गाडी चालवणे हा मुद्दा त्यात राहून गेला आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे प्रयोगांतून दिसले आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला नेमका त्याच अवस्थेत असतो. काही कंपन्या ठरावीक तासांनंतर चालकाला अ‍ॅपवरून सक्तीने बाहेर काढतात, परंतु ते तास अ‍ॅप सुरू केल्यापासून मोजले जातात; त्याआधी दिवसभर कचेरीत घालवलेले आठ-नऊ तास अ‍ॅपला ठाऊक नसतात, आणि एक अ‍ॅप बंद करून दुसरे उघडणाऱ्याला तर ही मर्यादा लागूच होत नाही. 'आणखी इतक्या राइड केल्या तर इतका बोनस' ही योजना बहुधा अशा उशिराच्या वेळीच मोहात पाडते.

विम्याविषयी थोडक्यात सांगतो. भाडे घेऊन प्रवासी नेताना झालेला अपघात खासगी गाडीच्या साध्या विम्यात सहसा बसत नाही. अमेरिकेत यासाठी अ‍ॅप बंद, अ‍ॅप सुरू पण राइड नाही, आणि राइड स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत, असे टप्पे मानले जातात आणि प्रत्येक टप्प्यातील संरक्षण वेगळे असते. यांतला मधला टप्पा सर्वांत कच्चा असतो. आपल्या पॉलिसीत त्याविषयी काय म्हटले आहे, हे भावाने पहिल्या राइडच्या आधी विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

उलटतपासणी

चित्र एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. या सेवांमुळे दारू पिऊन गाडी चालवणारे कमी होतात, हाही परिणाम आहेच. अमेरिकेतील एका अभ्यासात मद्याशी संबंधित रस्ते-मृत्यू सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, तर दुसऱ्या अभ्यासात अशा सेवा सुरू झालेल्या शहरांत जीवघेणे अपघात सुमारे ३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. वाढीचे एक कारण सहज समजण्यासारखे आहे: पुढच्या राइडच्या शोधात या गाड्या बराच वेळ रिकाम्या फिरतात आणि रस्त्यावरची वर्दळ वाढवतात. माझ्या मते या सेवेला सरसकट सुरक्षित किंवा घातक ठरवण्यापेक्षा वरच्या दोघांनी सांगितलेल्या गोष्टींकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. भावाला हे वाचून दाखवणार आहे. प्रवाशाविषयी कोणी सांगेल का? विशेषतः चालकाला डुलकी येत असल्याचा संशय आला तर काय करावे?

मागची सीट

पहिली गोष्ट पट्ट्याची. स्वतःच्या गाडीत पट्टा लावणारे लोकही भाड्याच्या गाडीत मागे बसले की तो लावत नाहीत. 'जवळच तर जायचे आहे' हे त्यामागचे नेहमीचे कारण. धडक बसली की पट्टा नसलेला मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा लावलेल्या चालकाचाही जीव धोक्यात घालतो. पट्ट्याचे कुलूप सीटच्या कव्हराखाली दडपलेले असेल तर गाडी सुटण्यापूर्वीच ते काढून मागावे, त्यात संकोच कसला?

दुसरी गोष्ट दाराची. उतरताना दाराकडचा हात न वापरता लांबचा हात वापरावा. त्यामुळे खांदा आपोआप मागे वळतो आणि मागून येणारी सायकल किंवा दुचाकी दिसते. शक्यतो पदपथाच्या बाजूनेच उतरावे.

डुलकीचे म्हणाल, तर गाडी मार्गिका सोडून सरकू लागणे, चालक वारंवार डोळे चोळणे, विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर येणे ही लक्षणे आहेत. अशा वेळी गप्पा मारून त्याला जागे ठेवण्यावर विसंबू नये. 'मला येथेच उतरायचे आहे' असे स्पष्ट सांगावे, परंतु वेगवान रस्त्याच्या कडेला उतरू नये. पुढचा पेट्रोल पंप किंवा उजेड असलेली वस्ती येईपर्यंत गाडी हळू घ्यायला सांगावी, उतरून अ‍ॅपवर राइड संपवावी आणि तक्रारीत थकव्याचा स्पष्ट उल्लेख करावा.