बोट टोचणं सोपं, वेळ सांभाळणं अवघड

प्रश्न असा आहे की साथीनेच (समाजातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्याने) कीटवर बोटाच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी केली तर पुन्हा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कशाला जायचं? कारण ती फक्त प्राथमिक तपासणी असते. रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे चाचणीची रेष उमटलेलं) आलं तर आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) वेगवेगळ्या तीन कीटवर खात्री होते, त्याआधी कुणाला ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नये.

चुका होतात त्या बारीक. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं की रक्त पातळ होतं. मधल्या किंवा अनामिकेच्या कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, बोट पिळायचं नाही. गोव्याच्या पावसाळी दमटपणात पाकीट आधीच फोडून ठेवलं तर पट्टी खराब होते. फोडलं की लगेच वापरा. कीट गाडीच्या डिकीत तर नकोच, बहुतेकांची मर्यादा ३० अंश असते. निकाल कीटवर छापलेल्या वेळेतच वाचायचा. उशिरा उमटलेली फिकट रेष धरायची नाही, पण वेळेत दिसलेली फिकट रेषही रिअ‍ॅक्टिव्हच. कंट्रोलची रेष (कीट नीट चाललं हे दाखवणारी) नसेल तर चाचणी बाद, नवं कीट घ्या. लॅन्सेट (टोचायची सुई) पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात.

निगेटिव्ह आलं तरी शेवटचा धोका कधी झाला ते विचारा; अशा चाचणीचा विंडो पिरियड (लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा काळ) ९० दिवसांपर्यंत धरतात. धोका ७२ तासांच्या आतला असेल तर चाचणीवर न थांबता पीईपीसाठी (लागण टाळायच्या तातडीच्या गोळ्यांसाठी) पाठवा. आधीच एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) घेणाऱ्याची पट्टी क्वचित निगेटिव्हही दाखवते, म्हणून गोळ्यांबद्दल आधी विचारलेलं बरं.

आणि ट्रान्स बाईसोबत केंद्रावर जाताना ती सांगेल त्याच नावाने हाक मारा. कार्डावरचं नाव रांगेत ओरडलं गेलं की ती पुन्हा फिरकत नाही. संमती आणि गुप्तता २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेच बंधनकारक आहे.