समितीकडे सूचना पाठवताना कलम आणि शब्द सांगा

विधेयक तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीला नागरिकांनी सूचना पाठवून काही बदलतं का, असं विचारलं जातं. बदलतं, पण सूचना कशी लिहिली आहे त्यावर बरंच ठरतं.

कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांविरुद्ध आणलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचंच घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. जुलै २०२५ च्या अहवालात तपास अधिकाऱ्याचा दर्जा उपनिरीक्षकावरून उपअधीक्षकापर्यंत नेला गेला, संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचनाही बदलली. मूळ आक्षेप, म्हणजे ‘बेकायदेशीर कृत्य’ यासारख्या व्याख्यांचा सैलपणा, माझ्या मते पुरता मिटला नाही.

‘हा काळा कायदा रद्द करा’ असं पत्र फक्त विरोधाच्या आकड्यात जमा होतं. त्याऐवजी कलम, उपकलम, वगळायचे शब्द, त्याजागी घालायचे नेमके शब्द आणि दोन ओळींत कारण द्या. ते सदस्याला जसंच्या तसं दुरुस्ती म्हणून मांडता येतं. एका कलमाला एक परिच्छेद. मुदत चुकवू नका.

आपल्याकडे प्रत्येक विधेयक समितीकडे जात नाही, सभागृहात तसा प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. केरळात विषय समित्या, म्हणजे विषयवार नेमलेल्या आमदारांच्या समित्या, विधेयकं तपासतात. तशी सोय इथे हवीच.