टाळीविना गाणं

टीव्हीवर थेट दाखवल्या जाणाऱ्या संगीत नाटकांत मोठं नाव घेतलं की लोक टीव्हीपुढे बसतात, असं म्हणतात; हा मुद्दा अर्धाच पटला. एनबीसी या अमेरिकी वाहिनीचं २०१३ चं थेट 'साउंड ऑफ म्युझिक' सुमारे १.८६ कोटींनी पाहिलं. त्यात प्रसिद्ध गायिका कॅरी अंडरवुड होतीच, पण गाणी अमेरिकेत घरोघरी पाठ. मात्र स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. गाणं संपलं की टाळीच्या जागी नुसती शांतता, बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं! फॉक्स वाहिनीने २०१६ च्या थेट 'ग्रीस' नाटकात प्रेक्षक सरळ सेटवरच बसवले. पाऊस आला, तर सुरुवातीच्या गाण्यात छत्र्या उघडल्या. हे 'आत्ता घडतंय' तेच खरं गिऱ्हाईक आणतं. उलट २०१९ च्या 'रेंट' नाटकात आदल्या रात्री एका नटाचा पाय मोडला, बदली नट तयार नव्हता, आणि बहुतेक वेळ रंगीत तालमीचं रेकॉर्डिंगच दाखवावं लागलं.